तिसऱ्या पट्टीवरची मी

जेलरोडच्या माझ्या गिरणीत
गायधनी काका बाकड्यावर बसून दळणाची वाट बघतात,
म्हणजे मोबाइलवर बोट मारत राहतात.
गहू पाच किलो, बाजरी दोन. घाई कसली नसते.

परवा चाळणी बदलताना सहज मान वळवली
तर स्क्रीनवर मी.

हिरवी नऊवारी, ठसठशीत नथ,
‘सात किल्ल्या’मधली धाकटी जाऊ,
एकवीस वर्षांपूर्वीची.
गाल जरा फुगवलेले. वर डोळा मारत होते
(मालिकेत कधी मारला नव्हता, मारू दिला नसता).
पाच उभ्या पट्ट्या फिरत होत्या
आणि त्यातल्या तिसरीवरून मी खाली घसरत होते,
माझ्या वर तांब्या, खाली मांजर.

“काका, ही कोण हो?”
“ही? भिकार आहे. तीन आल्या तर
लावलेल्याच्या निम्मे देते.
सासूबाई पाहिजेत. पाच.”

बरं म्हटलं, हात पुसले.
तेव्हाही मानधन असंच होतं.

मग त्यांनीच समजावलं.
सासू कुणाच्याही जागी चालते (तिथेही चालायची).
किल्ल्यांचा जुडगा तीनदा दिसला की महाएपिसोड,
दहा फेऱ्या फुकट, शीर्षकाचं संगीत, पडद्यावर फुलं.
वीस लावले आणि दहा आले
तरी सनई वाजते.
दहा गेले त्याचीही सनईच.

काका प्रेसमधून निवृत्त.
बत्तीस वर्षं कोऱ्या नोटांचे ताव डोळ्यांखालून घातले,
शाई पसरली, आकडा सरकला, की ताव बाजूला.
आता एक वही ठेवलीय.
मंगळवार, रात्री अकरा दहा, सासू दोनदा.
“छापलेली वस्तू आहे,” म्हणतात,
“चूक असणारच कुठेतरी. सापडायचा अवकाश.”

माझा भाचा पुण्यात असल्याच एका कंपनीत चित्रं हलवतो.
रात्री त्याला फोन केला.
म्हणाला, मावशी, बोट टेकलं
त्याच क्षणी आकडा पडलेला असतो.
पट्ट्या फिरतात त्या नंतर. दाखवायला.

हे मला कळायला वेळ लागला नाही.
माझं मरण आम्ही एका बुधवारी दुपारी उरकलं होतं,
जिन्यावरून पडून, तीन टेकमध्ये.
पुढे महिनाभर घराघरांत मी पुरणाच्या पोळ्या लाटत होते.
बायका पत्रं पाठवायच्या, जिना जपून उतर गं.

आणि तो तिसरा जुडगा,
एका घरानं हुकून वर अडकतो ना,
तो तर आमचा शुक्रवार.
दिग्दर्शक ओरडायचा, दार अर्धंच उघड!
दारामागे कुणी नसायचं.
लाइटवाला बिडी ओढत बसलेला असायचा.

काल काकांना सांगून पाहिलं.
“पण शंभरातले शहाण्णव परत देतो, लिहिलंय तसं.”
मी त्यांच्या डब्याकडे बोट केलं.
काका, शंभर मुठी टाकल्या, चार जात्यात, हवेत, माझ्या केसांत.
ठीक. पण आलेलं पीठ तुम्ही पुन्हा वर ओतता.
परत. परत.
रात्री बारापर्यंत.
मग डबा उघडून म्हणता, जातं प्रामाणिक आहे.

ते हसले. बोट मात्र खाली गेलं.
मी, मी, तांब्या, मी, मांजर.
सनई.

त्या आवाजात त्यांनी मान वर केली,
माझ्याकडे बघितलं, स्क्रीनकडे,
पुन्हा माझ्याकडे, तपासायच्या त्या जुन्या डोळ्यानं,
कपाळापासून हनुवटीपर्यंत.
“तुमची कुणी बहीणबिहीण होती का हो नाटकात?”

“नाही,” म्हटलं. “पंचेचाळीस झाले.”

मोबाइलमध्ये शिल्लक नव्हती.
सदऱ्याच्या आतल्या खिशातून पन्नासची काढली,
मऊ पडलेली,
आणि सवयीनं खिडकीच्या उजेडात धरली.
बराच वेळ.

मी पाच रुपये परत दिले.