हाक

सोहारच्या खोलीत, गुरुवारी रात्री,
एका मोबाइलवर पाचजण वाकलेले.
कुठल्याशा थंड देशातला जुना खटला:
बर्फातलं घर, नकाशा, रडणारी बहीण.
पहिल्या भागात तो खुनी असतो.
तिसऱ्यात इल्यास मुकादम म्हणतो,
"नाय रे, ह्याने नाय केलेलं."
पैज लागते, दोन रियालची.

मी चहाचं पातेलं विसळत राहतो.

धोपट ह्याच खालच्या बंकवर झोपायचा.
सेल्वन परातीवरून पडला त्या दुपारी
ठाण्यात तो एवढंच बोलला:
मी त्याला हाक मारली आणि तो पडला.
दुभाषा भला माणूस, उर्दूचा, घाईतला.
त्याला ‘मारली’ कळलं.
हाक कागदावर चढलीच नाही.

आता ह्याला काय करायचं?
आम्ही हाक मारतो, मिठी मारतो,
विहिरीत सूर मारतो,
रिकाम्या दुपारी नुसत्या गप्पा मारतो.
मला विचारलं तेव्हा मी वेळ मारून नेली.
व्हिसाचे तीन आठवडे उरले होते.

आणि खरं सांगू,
ती हाक मीही ऐकलेली नाही.
ग्राइंडर चालू होता.
धोपटचं तोंड उघडं दिसलं,
एक हात वर.
हाक मारतानाही हात वर जातोच की.
जातो ना?

नऊ वर्षं झाली.
त्याच्यावर कुणी भाग काढले नाहीत.

"चहा कुठाय रे?" मुकादम हाक मारतो.
ओ द्यायला मला
जरा वेळ लागतो.