डिझेलमध्ये नाही

देवास नाक्यावरच्या शोरूममध्ये सहा पिकअप उभ्या होत्या,
सगळ्या पांढऱ्या,
सीटवरचं प्लास्टिक अजून न काढलेलं.
कैलाश गेहलोतनं एकीच्या चाकाला पाय लावला
आणि विचारलं, "डीझल?"
पोरानं टॅबवर बोट फिरवलं.
"डिझेलमध्ये नाही, मॅडम.
सीएनजी परवा देतो. पेट्रोल आजच.
बॅटरीवाली तर बघाच, आवाजसुद्धा नाही."
कैलाश हळूच मला म्हणाला,
"बई, जिकी आवाज नी, उको कई भरोसो?"

मी नाटेकर टेंट हाऊस, रामबाग.
मावशीच्या मागे माझ्याकडे आलं ते असं:
चारशे खुर्च्या, अकरा भट्ट्या, एक जनरेटर,
आणि ही गाडी, जिचं दार आता दोरीनं लागतं
आणि जिचं इंजिन दसऱ्याला राऊजवळ बसलं, ते बसलंच.
देवउठनीला सव्वीस दिवस.
पहिलंच लग्न बडवाहला,
म्हणजे जनरेटरसकट भेरूघाट उतरायचा
आणि दुसऱ्या दिवशी, उष्ट्या कढयांसकट,
चढायचा.

"डिझेल कधी येईल?"
"कंपनीकडूनच माल कमी येतोय. बुक करून ठेवा.
तीन महिने. चारही होतात."
त्यानं पाणी दिलं, खरोखर थंड,
आणि एक कॅलेंडर,
ज्याचे दोन महिने उरले होते.

मग लोहामंडी.
इथे इंजिनं जुन्या टायरांवर बसवून ठेवलेली,
काही पोत्याखाली, काही उघडी,
एकाच्या डोक्यावर कुणाचा तरी चहाचा ग्लास.
तिकडे गाड्या होत्या, इंजिन नव्हतं.
इकडे इंजिनं आहेत, गाड्या केव्हाच
वजनावर विकल्या गेल्या.
इद्रीसभियानं आरटीओचा कागद दाखवला, शिक्क्यासकट,
मग म्हणाला, कागद राहू द्या, हे बघा.
एअर फिल्टरचा डबा उघडला.
तळाशी, काजळीत, चार बिया.
चपट्या, पिवळट.
"खरगोनची मिरची. दहा वर्षं वाहिली असेल यानं."
मी नको म्हणेपर्यंत
कैलाशनं एक जिभेवर ठेवली होती.
"खरं बोलतोय," तो म्हणाला,
डोळे पुसत.

अठ्ठ्याहत्तर हजार, फिटिंग धरून.
पुस्तकात नंबर बदलायचे वेगळे.
मावशी असती तर साठवर आणलं असतं,
मी बहात्तरवर थकले.

मुलगी म्हणाली, आई,
अख्खं शहर कचरा सहा डब्यांत निवडून टाकतं
आणि तू धूर विकत आणलास?
तिचं बरोबर आहे.
मी पोहे परतत होते, परतत राहिले.
तिला घाट माहीत नाही, असं म्हणता आलं असतं,
पण मलाही कुठे माहीत आहे.
मी नेहमी मागच्या एसटीतून गेले,
खुर्च्यांचे हिशेब मांडीवर घेऊन.
घाट कैलाशला माहीत.

लग्नाच्या दिवशी पहाटे पाचला
गल्लीत थंडी, गेटाला दव,
वर जनरेटर साखळ्यांनी बांधलेला.
कैलाशनं चावी अर्धी फिरवली.
डॅशबोर्डवर कॉइलचा नारिंगी दिवा लागला.
आता थांबायचं. मावशी या वेळात
गाडीतल्या गणपतीला हात जोडून घ्यायची,
आणि एखाद्याची उधारीही आठवून ठेवायची.
मी काहीच केलं नाही. दिवा बघितला.
समोरच्या पागनिसांच्या खिडकीत कुणीतरी
पडदा बाजूला केला.

दिवा विझला.
इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा
अख्खी गाडी हलली, भट्ट्या वाजल्या,
आणि गल्लीभर पसरला
जळका, तिखट, लाल वास.
आधी मी शिंकले, मग कैलाश,
मग वर, पडद्याआड,
पागनीसकाका.