धक्का बसला तर

कारागांदाच्या बाजारात, उणे सत्तावीस अंशांत,
हातमोजे न काढताच दुकानदार सांगत होता:
बॅटरीवाला घेऊ नका, उन्हात फुगतो, थंडीत रुसतो.
कपॅसिटरवाला घ्या. पुढचा एक, मागचा एक, जोडीनेच.
रात्री समोरच्याची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे,
बाकी खोक्यावर लिहिलेलं सगळं शोभेचं.

बाबा शेजारी उभे, कानटोपी भुवयांपर्यंत.
एकतीस वर्षं कोळशाचा ट्रक हाकलेला माणूस.
"मागचा कशाला?
मागून येणाऱ्याला त्याचे डोळे आहेत की."
मी दोन्ही घेतले.

येरमेकच्या गॅरेजात हीटर होता, म्हणून प्लास्टिक तुटलं नाही.
त्याने खांबावरचं आवरण बोटांनी अलगद सोडवलं,
वायर एअरबॅगच्या मागून नेली, पुढून नाही,
छताच्या कडेने, दारांच्या रबराखालून,
अशी की शोधूनही सापडू नये.
अडलं ते डिकीच्या बिजागरीपाशी.
तिथल्या बोटभर रबरी नळीतून वायर जाईना.
येरमेकने साबणाचं पाणी लावलं, ओठ दाबले,
सुईत दोरा ओवताना दाबतात तसे.
बाबांनी न सांगता बॅटरी हातात घेतली.
उजेड थरथरत होता. आम्ही कुणी काही बोललो नाही.
"ढकलू नकोस रे, पलीकडून ओढ,"
ते म्हणाले, आणि वायर आली.

मग सेटिंग.
"आवाज पण रेकॉर्ड करू?"
"नको," बाबा म्हणाले, "ही गाडीत एकटीच बडबडते."
मी म्हटलं, असू दे चालू.
तीन-तीन मिनिटांचे तुकडे, येरमेकने समजावलं,
कार्ड भरलं की सगळ्यात जुना पुसायचा,
त्याच्या जागी नवा.
"म्हणजे राहत काहीच नाही?"
"धक्का बसला तर राहतं, आजोबा.
तो तुकडा वेगळ्या कप्प्यात जातो. त्याला हात लागत नाही."
बाबांनी मान हलवली, जणू हे त्यांना
आधीपासूनच ठाऊक होतं.

दर गुरुवारी तेमिरताऊच्या दवाखान्यात.
जाताना गप्प, येताना जास्त गप्प.
मार्चमधल्या एका गुरुवारी, काहीच कारण नसताना,
काचेकडे बघत ते बोलायला लागले:
"तुझी आई पहिल्यांदा ट्रकमध्ये चढली ना,
तेव्हा बूट काढून चढली.
घरात शिरतात तशी. रस्त्याच्या कडेला, नीट जोडीने ठेवून.
चाळीस किलोमीटर गेल्यावर तिच्या पायांकडे लक्ष गेलं माझं."
आणि हसले. खोकला न येता.
"तेवढा एकदाच ट्रक मागे वळवला मी."

कॅमेऱ्यावर लाल बटण असतं, दाबलं की तुकडा जपला जातो.
पण माझा हात वर गेलेला दिसला असता
तर ते तिथेच मिटले असते.
मिनिट सरत चाललं होतं.
रेल्वे फाटकाच्या अलीकडे बर्फ वितळून पडलेला खड्डा
मला दुरून दिसत होता.
मी ब्रेक लावला नाही.

चाक दणकलं. कॅमेरा एकदा टुक् वाजला.
"डोळे कुठे आहेत तुझे, बालाम!"

रिम वाकली. येरमेकने अठरा हजार तेंगे घेतले,
वर विचारलं, एवढा मोठा खड्डा दिसला नाही?

ते कार्ड आता चहाच्या डब्यात आहे, गाडीत दुसरं आहे.
पुढच्या चित्रात फक्त रस्ता, चिखलाचे शिंतोडे, फाटक.
मागच्या चित्रात तो खड्डा, लहान लहान होत जाणारा,
आणि पिवळं गवत.
बाबा कुठल्याच चित्रात नाहीत.
ते दोन्हींच्या मधे बसले होते,
बूट घालून,
मला शिव्या देत.