दुमडलेली बाही

नोव्हेंबरात बाबा मेंढीला उताणी निजवतात.
छातीच्या हाडाखाली चार बोटांची चीर,
मग उजवी बाही कोपराच्या वर दुमडून
हात आत.
पाठीच्या कण्यालगत कुठेतरी
एक नळी असते, करंगळीएवढी, ऊन ऊन.
ती चिमटीत धरून तोडतात.
मेंढी ओरडत नाही.
बोकड ओरडतात, मेंढ्या नाही.
रक्त आतल्या आत साठतं, पळीने काढतात,
जमिनीवर थेंब पडू देत नाहीत.
जमिनीला विटाळ नको.

मी सहा वर्षं मांस खाल्लेलं नाही.
उलानबातरमध्ये ते जमून जातं:
वसतिगृहामागे दोन खानावळी, सोयाबीनचे गोळे,
दक्षिणेकडून आगगाडीने आलेला कोबी.
इथे आई माझ्यासाठी बटाटे उकडते
काल चरबी वितळवलेल्या त्याच कढईत,
आणि माझ्या ताटाकडे बघायचं टाळते,
दुखणाईत कोकराकडे टाळते तसं,
दृष्ट लागू नये म्हणून.

शेजारचे लुवसानदाम्बा तपकिरीची बाटली पुढे करत म्हणाले,
एक उंट पडला की तीन घरांचा हिवाळा निघतो.
तुझ्या वाटीभर भातासाठी
नांगराखाली किती गेले, मोजलेस?
मी म्हटलं, आकडे माझ्याकडेही आहेत.
छापील आहेत.
ते हसले नाहीत.
बोटं मोडत म्हणाले, ऐक, माझा यंदाचा हिशेब.
डाव्या कानाला खाच असलेली, काळ्या डोळ्यांची.
तिची बहीण, जी नेहमी मागे राहायची.
पिवळट शेपटाची, दोनदा जुळी दिलेली.
लांडग्यातून वाचलेली लंगडी…
अकरा झाल्या. मग एक म्हातारी घोडी,
आणि तिथे त्यांनी बाटलीचं बूच
उगाच घट्ट बसवलं.

माझ्या भातातल्या मेलेल्यांपैकी
मला एकाचाही रंग सांगता आला नसता.

पण म्हणून ते बरोबर, असं नाही.
वसंतात हीच आई
पिलाला झिडकारणाऱ्या मेंढीपाशी गुडघे टेकून
तोइग, तोइग, तोइग म्हणत राहते तासन् तास,
पान्हा फुटेपर्यंत, आवाज बसेपर्यंत.
तेच पिलू दोन वर्षांनी ती
बाबांना बोटाने दाखवते: हे.
मी विचारलं, कसं जमतं?
म्हणाली, जमत नाही. करते.

आणि ती निळ्या फितीची शेळी.
मी सात वर्षांची, तापाने फणफणलेली,
तेव्हा बाबांनी माझ्या नावाने तिला सोडली होती:
हिला मारायचं नाही, विकायचं नाही,
हिची लोकर विंचरायची नाही.
ताप उतरला. शेळी म्हातारी होत गेली,
कळपात लाडोबासारखी वावरत.
मग ते वर्ष आलं, पाऊस पडून लगेच गोठला,
गवतावर हातभर बर्फाची काच.
खुराने फुटेना, पहारीने फुटेना.
ती कुंपणाला टेकून उभी राहिली.
बाबा रोज पहाटे सुरी घेऊन तिच्यापाशी जायचे,
बाही दुमडायचे,
उभे राहायचे,
बाही सोडून परत यायचे.
वचन होतं.
कुणीही तिला मारलं नाही.
नऊ दिवस कुणीही तिला मारलं नाही.
मेली तेव्हा फीत फळीसारखी ताठ झाली होती.

हे मी वसतिगृहात कुणाला सांगत नाही.
सांगितलं तर कोण जिंकेल, कळत नाही.

आज तेमूलेन पलटणीत आहे, पाय धरायला कुणी नव्हतं.
बाबांनी मला हाक मारली नाही.
मीच गेले.
मागचे दोन पाय धरले, खुरांच्या वर,
तिथे लोकर संपते आणि कातडी इतकी पातळ
की धडधड थेट तळव्यात येते.
आली.
मग येईनाशी झाली.

रात्री मी बटाटेच खाल्ले.
हाताला लोकरीचा तेलकट वास, साबणाने जाईना.
माझ्या ताटाकडे न बघता
बाबांनी मिठाची पिशवी माझ्यापुढे सरकवली.
त्यांची बाही अजून
दुमडलेलीच होती.
मीही बघितलं तेव्हा,
माझी पण.