सात वर्षांचे पत्ते

टोलीडो शहरात, शाळाखात्याच्या तळघरात
एमरी कोवाच लोकांची मागची सात वर्षं तपासतो.
साडेसातीला सहा महिने कमी, असं आपण म्हणू.
त्याला शनी ठाऊक नाही,
शुक्रवार ठाऊक आहे,
कारण शुक्रवारी फायली वर जातात.

काय विचारायचं, ते त्याला पाठ आहे.
नाव. आधीचं नाव. त्याच्याही आधीचं, असलं तर.
गुन्हा शाबीत झालाय का;
नुसती अटक झाली असेल तर ती त्याला नको.
संमतीची सही वेगळ्या कागदावर,
म्हणजे माणसाला कळावं
की आपण कुठलं दार उघडून देतोय.

काय विचारायचं नाही, ते भिंतीवर चिकटवलंय,
कॉफीचा डाग पडलेल्या कागदावर:
वय नको, देव नको, नवरा आहे का नको,
मूल होणार आहे का, हे तर मुळीच नको.
लोक मात्र सांगून टाकतात.
आपण विचारावा लायसन्सचा नंबर,
तर पलीकडून अख्खा संसार उतू जातो,
आणि एमरी पेन खाली ठेवतो.
कायद्यानं त्याचे हात बांधलेत,
कानांचं काही करता आलेलं नाही.

आज वर्ना टॅकेट. शाळेची बस, मार्ग चौदा.
बोटांचे ठसे स्वच्छ.
दंड एक, नऊ वर्षांपूर्वीचा, लाल दिव्याचा.
लघवीची बाटली प्रयोगशाळेत पोचली.
पत्ता पहिला: बेकर रस्ता, दुसरा मजला.
दुसरा: बहिणीकडे, फिंडलेला.
तिसऱ्या चौकटीत, त्याच ठसठशीत अक्षरात:
निळी ब्यूक,
सेंट इरेनियस चर्चच्या मागचं पार्किंग.
नोव्हेंबर ते पुढचा ऑक्टोबर.
पिनकोडसुद्धा लिहिलाय. बरोबर आहे.

संगणकाला ब्यूक चालेना.
घर क्रमांक द्या, म्हणाला.
एमरीनं शून्य घातलं. नाही.
एक घातला. घेतला.
मग त्यानंच खोडला;
एक नंबरला चर्च स्वतः राहतं.

नियम असा की पत्त्यामागे एक साक्षीदार,
नात्याबाहेरचा.
त्यानं चर्चला फोन लावला. पाद्री नवा,
त्यानं तो थर्मन गेजकडे दिला, झाडलोट करणाऱ्याकडे.

'टॅकेटबाई? हो तर.
बर्फ पडला की मी यायच्या आत पायऱ्या साफ.
आधी वाटलं, चर्चनं दुसरा माणूस ठेवला,
आता आपलं काही खरं नाही.
मग एकदा पाहिलं तिला, माझंच फावडं घेऊन.
तेव्हापासून फावडं बाहेर ठेवत गेलो
आणि रात्री मागचा दिवा मालवायचा असतो, तो विसरत गेलो.
बिलाचं विचारू नका.'

ते माझ्या यादीत नाही, एमरी म्हणाला.

'काय करते आता?'

एमरीनं सांगितलं नाही.
तेही भिंतीवर आहे, डागाच्या खाली.

'बरं, नका सांगू.
पण गाडी तिची रोज सकाळी पहिल्या झटक्याला लागायची,
शून्याखाली वीस असलं तरी.
माझी नाही लागायची.'

साक्षीदाराचा अभिप्राय: जागा दीड ओळ.
एमरीनं लिहिलं, राहत होती.
पेन टेकवून थोडा बसला.
मग लिहिलं, गाडीची निगा उत्तम.

शेजारची चौकट वर्नानं आधीच भरली होती.
पत्ता सोडण्याचं कारण:
दुसरा हिवाळा येत होता.

आज बुधवार.
फाईल काखेत घेऊन
एमरी जिना चढायला लागला.