लहान माप

मकबूलभाईनं सायकल हुकाला टांगली,
मागचं चाक एकदा फिरवलं
आणि ते थांबेपर्यंत तोंड उघडलं नाही.
"हब झकास हाय ओ ताई. पण रिम बदललेली.
ही आपल्याकडची. मूळची न्हवं."
मी वहीत लिहिलं : रिम, वजा.

विजापूर वेशीतलं दुकान, दीड शटर,
एप्रिलचे साडेअकरा, पायरीवर बूड टेकवत नव्हतं.
वही टॉवेलच्या कारखान्यातली, उरलेल्या पानांची.
डावीकडे जमा, उजवीकडे वजा,
तीस वर्षं हेच केलं, दुसऱ्यांच्या मालाचं.

चौकट पोलादी, हलकी, सांध्यांवर कोयरीसारखी नक्षी.
गिअरचे दोन्ही कान खालच्या दांडीवर शाबूत.
चामड्याच्या सीटला माझ्या बसण्याचा खळगा पडलेला.
"हे जमा की वजा?"
"घेणाऱ्याच्या बुडावर हाय ते," म्हणाला,
मग जीभ चावली. मी हसले. मग तोही.

सत्त्याऐंशी साली घेतली, अठराशेला,
रेल्वेतल्या एका फिटरकडून, त्याची अरक्कोणमला बदली झालेली.
अठराशे म्हणजे नानांचे तीन पगार,
किंवा दोन पगार आणि आईची एक बांगडी
जिच्याबद्दल घरात नंतर कुणी बोललं नाही.
तुळजापूरच्या घाटात मी दोन पोरांना मागं टाकलं होतं,
एक तर उतरून चालत होता.
हे मी मोठ्यानं बोलले बहुतेक.
मकबूलभाई पायडलखाली वाकून
चौकटीचा नंबर शोधत होता, त्याला ऐकू गेलं नाही.

मग त्यानं नखानं रंग खरवडला.
"हा हिरवा कुणी मारला?"

नाना अशोक चौकात जॉबर होते.
मागांना मारून उरलेला इनॅमल, पाव डबा,
गच्चीवर, दिवाळीनंतरच्या कोवळ्या उन्हात,
गंज घासून, कुंच्यानं, तीन हात.
प्रत्येक हातानंतर पॉलिशपेपर.
सीटखालच्या नळीवर कुंच्याचा एक केस अडकून राहिला.
मी काढायला गेले तर म्हणाले, उंडनी.
राहू दे.
अजून आहे. बोट फिरवलं की लागतो.

"मूळचा रंग असता तर डबल आले असते, ताई.
घेणारा हा काढून टाकणार. पाच हजार तोडा."
मी लिहिलं, साडेचार.
पंखा फिरत होता. त्याला वही दिसत नव्हती.
मी साडेचार खोडलं, पाच लिहिलं,
आणि समोर : रंग मूळचा नाही. हाताचा.

पुण्यात असल्या सायकलीला तीस मागतात.
"मागायला काय," मकबूलभाई म्हणाला,
"वर्ष वर्ष टांगून ठेवतात अन् धूळ पुसतात."
शिवाय चौकट लहान. गिऱ्हाईक थोडं.
बेरीज दोनदा केली. साडेअकरा हजार.
पंप सोबत.

भाचा म्हणतो, अत्ता, वीस लिही, चौदाला सोड,
सगळे तसंच करतात.
करतात. चादरींचे भाव मी तसेच लिहिलेत,
समोरचा बोलणार, आपण हळहळणार, चहा येणार,
आणि दोघांना आधीच ठाऊक असलेल्या आकड्यावर
दोघंही दमून पोचणार.
मला साडेअकराच लिहायचं होतं. लिहिलं.

रात्री पहिला फोन. नाव सांगितलं नाही.
"लास्ट किती?"
"साडेअकरा."
"कमी-जास्त?"
"दोन्ही नाही. तुमची उंची किती?"
तो गोंधळला. "पाच अकरा. का?"
"मग नका घेऊ. गुडघे हँडलला लागतील."
पलीकडे टीव्हीचा आवाज, कुणीतरी आऊट झालेलं.
"तुम्हाला विकायची आहे ना नक्की?" त्यानं विचारलं.
विकायची आहे, म्हटलं. मापाच्या माणसाला.

सायकल जिन्याखाली लावली आहे.
पुढचं टायर संध्याकाळपर्यंत बसतं.
सकाळी हवा भरून ठेवायला हवी,
आणि वहीत तेही लिहायला हवं.