परात

उदगीरला मुलींच्या वसतिगृहात भरलं होतं शिबिर,
संक्रांतीच्या सुट्टीत, चार दिवस, निवासी.
पांघरूण आणि ताटवाटी आपापली आणायची.
सुपरवायझर मॅडमना मी अर्ज दिला: घरगुती कारण.
पिशवीत स्वेटर, ताट,
आणि वायकोसबाईंचं पुस्तक,
सतरा वर्षांपूर्वी वाचनालयाच्या रद्दीतून आठ रुपयांना घेतलेलं.
पान बेचाळीसवर हळदीचा अंगठा आहे. माझाच.

बाईंच्या नावं लक्षात राहत नव्हती.
गावावरून हाक मारायच्या.
ए देवणी, ए जळकोट, ए हाळी, जरा पाणी दे.
मी हाळी.
चार दिवस मी अख्खं गाव होते.

पहिल्या दिवशी त्यांनी काहीच शिकवलं नाही.
आम्ही नळावर ताटं घासत होतो, तिथं खुर्ची टाकून बसल्या
आणि जळकोटच्या पोराला म्हणाल्या,
आत्ता सांगत होतास ना, मामाच्या म्हशीचं,
तेच लिहायला बसलास की
तोंड धुऊन आल्यासारखा का होतोस रे?
तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

माझी कविता ऐकून नुसतं हं म्हणाल्या.
त्या हं वर मी रात्रभर कूस बदलत राहिले.
खाटेशेजारच्या भिंतीवर कुण्या मुलीनं
बॉलपेननं लिहिलं होतं, आई बुधवारी येनार.
बाणातला ण नाही, नळातला न.

तिसऱ्या रात्री बाई आमच्या खोलीत आल्या, शाल कानावरून.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा राहिलाय.
कुणीतरी वाचून दाखवा गं, झोप येईना.
मी पुस्तक काढलं. सही मागायची तर आत्ताच.
हळू वाच, कुठं पळायलीस.
पान बेचाळीस मला वाचावं लागत नाही:

विहिरीच्या तळाशी चंद्र,
जणू कुणी विसरून गेलेली परात.

थांब, म्हणाल्या.
परात कोण विसरतं?
आमच्या घरी एकच होती, पितळेची, आईच्या माहेरची.
कुणी लग्नाला मागून नेली
तर ती परत येईतो आई दारात.
आणि मी लिहिलं, विसरली. छान दिसतं म्हणून.
पेन्सिल दे.

छापील ओळ बोटाला लागत नाही,
तरी चाचपत चाचपत
त्यांनी दोन्ही ओळींवर रेघ मारली.
रेघ घसरून तिसऱ्या ओळीवरही गेली,
तिचा काही गुन्हा नव्हता.

मला रडू आलं. रडू कसलं, राग.
पहिल्या बाळंतपणात, सासऱ्यांच्या दुखण्यात,
दवाखान्याच्या बाकड्यावर रात्री दोनला
मी त्याच परातीकडं बघत बसलेली.
म्हणाले, बाई, ती मला लागते.
मग ठेव की, म्हणाल्या. माझी मी नेली.

मग विचारलं, भिंतीवर काय आहे गं ते, निळं निळं?
देवणीनं मोबाइलची बॅटरी धरली, मी वाचलं.
बराच वेळ काही नाही.
पेन्सिल त्यांच्या हातातच होती.
आली का, म्हणाल्या.
आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

सोमवारी अंगणवाडीत वजनं होती.
नाव, वय, वजन, शेरा.
स्वरांजली, नऊ किलो दोनशे.
शेऱ्यात मी नेहमी लिहिते, ठीक.
पण काट्याच्या झोळीत बसली की ती माझा पदर धरते,
सोडवला तर ओरडते,
म्हणजे दर महिन्याला तिचं वजन थोडं खोटंच येतं.
ठीक खोडलं.
रकाना अर्ध्या बोटाचा,
त्यात पदर कसा बसवायचा ते बघते आहे.

सही राहूनच गेली.
विहिरीच्या तळाशी, म्हणते मी अजून, झोपताना,
आणि पुढं जरा थांबते.